सावडीचं जेवण

दिवाळी होऊन गेली की माझ्या ओढणीला भाताची कुसळं चिकटू लागतात. सकाळी घरातून निघून स्कूटरपर्यंत पोचायचं तर आमच्या शेताच्या बांधावरूनच जावं लागतं. दोन्ही बाजूंच्या लोंब्या वाकून बांधावर आलेल्या असतात, दंवानं ओल्या. कितीही सावरून चाललं तरी त्या कपड्यांना घासून जातात. मग अंबरनाथच्या कारखान्यात पांढरा कोट घालून मी रंगाचे नमुने तपासत असते, तेव्हा बरोबरची मुलगी हसून म्हणते, "मॅडम, आज पण शेत घेऊन आलात?" मी ओढणीवरचं कुसळ काढते, पण टाकून देत नाही. कोटाच्या खिशात ठेवते. खिशात हात घातला की ते बोटाला टोचतं आणि मला बरं वाटतं.

हा पिवळा रंग दर वर्षी येतो, हा वासही येतो. थोडासा गोड, थोडासा धुळीचा, उन्हात तापलेल्या पेंढ्याचा वास. पण कापणी म्हटलं की माझ्या मनात एकच वर्ष उभं राहतं. मी उल्हासनगरला कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते, आणि बाबा पडवीतल्या खाटेवर पाय लांब करून पडलेले होते.

आमचं गाव बदलापूरच्या पूर्वेला, शिरगाव ओलांडून पुढे. आता शिरगाव आमच्यापर्यंत चालत आलं आहे असंच म्हणायला हवं. अंगणात उभं राहिलं की एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला टॉवर. आमच्या घरावर मात्र अजून कौलं आहेत, मागे गोठा आहे, गोठ्यामागे भाजीचा मळा आणि त्यापुढे शेत. भात शेतातला, वाल शेतातले, तूर बांधावरची, दूध-ताक गोठ्यातलं, अंडी अंगणातली, हळद परसातली. बाजारातून यायचं ते तेल, मीठ, गूळ, चहाची पूड आणि काडेपेटी. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचीच घरं अशी चालतात. कॉलेजात डबा उघडल्यावर मैत्रिणी विचारायच्या, "ही भाकरी कुठून घेतलीस?" भाकरी कुठून घेतात? शेतातून.

हे सगळं आपोआप चालत नव्हतं. आईचा दिवस गोठ्यात सुरू व्हायचा आणि चुलीपाशी संपायचा. मधल्या वेळात ती वाल सोलायची, सुकट निवडायची, शेणी थापायची, मळ्याला पाणी लावायची, आणि या सगळ्यात अंगणात कोणी दिसलं की हातातलं काम तिथंच ठेवून उठायची. आमच्या घरी आलेल्या माणसाला "जेवणार का?" असं कधी विचारत नाहीत. त्यात नाही म्हणायला जागा राहते. आई फक्त म्हणते, "हात धुवा." मीटर बघायला आलेला माणूस हात धुतो, लसीकरणाला आलेल्या ताई हात धुतात, रस्ता चुकलेला कुरिअरवालाही हात धुतो.

एकदा एका बिल्डरचा माणूस जमीन मागायला आला होता. त्यालाही आईनं हात धुवायला लावले. भात, वालाचं बिरडं, ताक. तो पोटभर जेवला, दुसऱ्यांदा भात मागून घेतला. बाबांनी तो हात पुसेपर्यंत वाट पाहिली आणि विचारलं, "कसा होता भात?"

"एक नंबर, काका."

"हा त्याच शेतातला, जे तुमी मागताय. मंग आता पुढल्या टायमाला आलात की तुमाला काय वाढू?"

तो माणूस इतका मोकळेपणानं हसला की पुढे कितीतरी दिवस बाबा त्याची आठवण काढत. जमीन राहिली. आलेल्या माणसाला घरचा भात वाढायचा, विकतचा कधी नाही, हा बाबांचा एकच अभिमान होता. त्यांच्याकडे दुसरं मिरवण्यासारखं काही नव्हतं, आणि त्यांना ते लागतही नव्हतं.

तर त्या वर्षी पावसाळा संपता संपता बाबा बांधावरून घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. पायात सळई घातली. डॉक्टरांनी पाय टेकवायचा नाही म्हणून बजावलं. बाबांसारखा बोलका माणूस खाटेवर गप्प झाला. गावातल्या ज्यांची शेतं उरली होती त्यांचं भात कापून घरात आलं. आमचं उभं राहिलं. आई आणि मी मिळून कापायला लागलो, दादाची कंपनीत पाळी असायची, तो सुटला की यायचा. तरी अर्धं कापून शेतात वाळत पडलेलं आणि अर्धं अजून उभं, अशी स्थिती होती. दर वर्षी कापणीला येणारी वाडीवरची माणसं वीटभट्टीवर निघून गेली होती. मोठं यंत्र आमच्या तुकड्या-तुकड्यांच्या शेतात उतरत नव्हतं.

आणि एका दुपारी डोंगरामागून ढग आले.

कार्तिकातल्या ढगासारखा दुष्ट ढग नाही. तो कोणाला नको असतो. कापून पडलेल्या भातावर पाणी पडलं की दाण्याला जागेवर कोंब फुटतो, आणि उभं पीक आडवं झालं की चिखलात जातं. मोबाइलवर पाऊस परवा येईल असं सांगत होते. आईनं मोबाइल पाहिलाच नाही. तिनं गाईकडे पाहिलं, डोंगराकडे पाहिलं आणि म्हणाली, "उद्या संध्याकाळच्या आत सगळं खळ्यावर यायला पायजे. सावड घालू."

सावड म्हणजे आज तुम्ही माझ्या शेतात, उद्या मी तुमच्या. मजुरी नाही. ज्याचं शेत त्याच्या घरचं जेवण, एवढाच रिवाज. माझ्या लहानपणी कापणी सावडीवरच व्हायची. मग एकेक शेत विकलं गेलं, माणसं रिक्षा चालवू लागली, कंपन्यांत लागली, आणि सावड कोणी बंद न करताच बंद पडली. गावात कितीतरी वर्षांत कोणी ती घातली नव्हती.

दादानं लगेच गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं: उद्या आमच्याकडे सावड आहे, सर्वांनी यावे, ही विनंती. खाली भराभर अंगठे येऊ लागले. दादा खूश. त्यानं मोबाइल आईसमोर धरला.

"आई, बघ. किती जण येतायत."

आईनं पाहिलं. "हे काय?"

"अंगठे. म्हणजे हो म्हणतायत."

"अंगठ्यानं भात कापतात काय रं?" आई एकदम चिडली. "सावडीचं बोलावणं फोनवरून? उंबऱ्यावर जायला लागतं. आता लोक म्हणतील, बाळारामच्या घरच्यांना दारात यायला पाय नाय झाले."

"बाबांना खरंच नाही झाले ना," दादा पुटपुटला.

"माजे हायेत." आईनं पदर खोचला आणि मला म्हणाली, "चल वने."

ती संध्याकाळ मला फार स्पष्ट आठवते. दिवे लागलेले, घराघरांतून मालिकांचे आवाज. आई उंबऱ्याबाहेर उभी राहायची. बसायला सांगितलं तरी बसायची नाही, चहा घ्यायची नाही. एकच वाक्य बोलायची: "उद्या आमची कापणी हाय. जेवण आमच्यात." आणि वळायची. कोणी म्हणायचं, "बघतो." कोणी म्हणायचं, "उद्या शहाडचं भाडं हाय ताई." कोणाच्या पोराला सुट्टी नव्हती. एका घरी तर टीव्हीचा आवाज कमीसुद्धा झाला नाही. आई तिथंही तेच वाक्य तेवढ्याच सरळ आवाजात बोलली.

घरी आल्यावर दादानं विचारलं, "मग? कोण कोण येणार?"

"इचारलं नाय."

"म्हणजे?"

"सावडीत इचारायचं नसतं. इचारलं की माणूस बांधला जातो. त्याच्या घरी काय अडचण आसंल आपल्याला काय ठावं?"

दादानं कपाळाला हात लावला. पण खरा धक्का पुढेच होता. आईनं कणगीचं झाकण काढलं. तळ दिसत होता; मागच्या वर्षीच्या भाताचा भरडून ठेवलेला तांदूळ तेवढा पिंपात उरला होता. नवं पीक घरात येईपर्यंत तेवढाच आधार. आईनं सगळं पिंप मोठ्या परातीत ओतलं.

"आई, सगळा?" मी म्हणाले. "आणि कोणीच आलं नाही तर? भात शेतात भिजला तर? आपण काय खायचं?"

आई तांदूळ निवडत राहिली. "कोणी आलं नाय तर गुरं खातील. पन माणसं आली आन् पुरलं नाय, तर पुन्ना कोणाच्या दारात उभी राहू मी?"

बाबा पडवीतून ऐकत होते. मला वाटलं ते काहीतरी बोलतील. त्यांनी फक्त कूस बदलायचा प्रयत्न केला आणि पाय दुखला म्हणून तसेच पडून राहिले. आतल्या तांदळाचा आवाज आणि बाहेरचा वारा. पाऊस आला तर काय जाईल ते आम्हा चौघांनाही ठाऊक होतं. वर्षभराचा भात जाईल, आणि त्याबरोबर आईच्या तोंडातलं "हात धुवा" जाईल. विकतचा तांदूळ आणून तिनं माणसांना वाढलं असतं, पण मान वर करून वाढलं नसतं.

सकाळी उजाडायच्या आधी अंगणात तीन दगडांवर टोप चढले होते. वालाच्या बिरड्याला नारळाचं वाटण, सुक्या बोंबलाचं कालवण, आणि भाकऱ्या. आईच्या हातून भाकरी तव्यावर पडताना कशी हलकेच पसरते ते पाहत मी पीठ मळत होते. धूर डोळ्यांत जात होता, त्यामुळे रडायची सोय होती. दादानं विळ्यांना धार लावून ठेवली, मग तेच विळे घेऊन पुन्हा धार लावली. रस्त्यावर कोणी नव्हतं. आभाळ राखेच्या रंगाचं होतं.

पहिली आली चंद्रीकाकी. आमच्या आळीच्या टोकाची, तोंडानं फटकळ, वयानं आईहून मोठी. तिचं शेत टॉवरखाली गेलेलं. कमरेला गंजका विळा खोचून ती अंगणात उभी राहिली आणि आधी टोपाचं झाकण उचलून पाहिलं.

"बोंबलात कोकम कमी हाय गो सुमन."

"काकी, तू?" आई उठलीच. "तुला आता शेत तरी…"

"शेत बिल्डिंगच्या खाली झोपलंय. हात हायेत ना माजे वर?" आणि माझ्याकडे वळून, "ए कॉलेजवाली, दगड दे धार लावायला. ह्या विळ्यानं लोणीपन कापायचं नाय."

ती ओट्याच्या दगडावर विळा घासू लागली आणि तो खसखस आवाज जणू गावभर गेला. रस्त्यावर रिक्षा दिसली. मग मागून दुसरी. मग तिसरी. शहाडच्या भाड्याची गोष्ट सांगणारा किसनमामा पहिल्या रिक्षातून उतरला, मागच्या सीटवर दोन पोरं आणि बायको. "भाडं कॅन्सल केलं ताई," तो म्हणाला, "गिऱ्हाइकाला सांगितलं, आज आमच्या घरी कापणी हाय." त्यानं नुसतं "गावात कापणी" म्हटलं असतं तरी चाललं असतं, पण तो "आमच्या घरी" म्हणाला आणि आई चुलीकडे वळून भाकरी उलटू लागली, जी आधीच उलटलेली होती. टीव्हीचा आवाज कमी न करणाऱ्या घरातून चौघं आले. नव्या विळ्यावर दुकानाची चिठ्ठी तशीच चिकटलेली. रात्रपाळी करून थेट कंपनीतून आलेला एक जण बूट काढून अनवाणी शेतात उतरला. वर्षानुवर्षं ज्यांनी भाताला हात लावला नव्हता ती माणसं ओळीत वाकली, आणि कोणाच्याही सांगण्याशिवाय डाव्या हातात मूठ, उजव्या हातात विळा, मूठ खाली, पुढचं पाऊल, असा ताल जुळला. हात विसरले नव्हते. सकाळचं ऊन ढगातून जरासं आलं आणि सगळं शेत माणसांनी भरलेलं दिसलं. मी पुस्तकांतून पुष्कळ शिकले आहे, शिक्षकांचे उपकार मानते, पण आनंद म्हणजे काय हे कोणी विचारलं तर मी त्या सकाळचं शेत दाखवेन.

मध्येच उल्हासनगरच्या कॅम्प पाचवरून किशोरभाई आले. त्यांचं फरसाणाचं दुकान, बाबा त्यांना किती वर्षं दूध घालत. बाबांना बघायला म्हणून ते फळांची पिशवी घेऊन आले, पांढरे बूट घालून.

"अरे बाळाराम, क्या हाल कर लिया यार! तुझा दूध बंद, तर माझी चाय पण काळी पडली."

आईनं लगेच म्हटलं, "भाऊ, हात धुवा."

"आणि हे सगळे लोग?"

"ते सावडीला आलेत. काम झालं की जेवतील."

"तर मी पण कामानंतर."

"पाहुण्यांनी हात नाय लावायचा," आई म्हणाली.

"ठीक आहे भाभी. हात नाही लावायचा तर जेवायचा पण नाही. मी चाललो." आणि ते उठले, पण जायला नव्हे; बूट काढून शेतात उतरायला. आईला पहिल्यांदाच पाहुण्यापुढे हार मानावी लागली. किशोरभाईंनी विळा हातात धरला तेव्हा चंद्रीकाकी ओरडली, "शेठ, बोटं सांभाळा, शेव पाडायचीय परत!" त्यांना मग भारे उचलायला दिलं. डोक्यावर भारा, पायाखाली बांध, आणि तोंडानं अखंड "साई, साई" असं म्हणत ते खळ्यापर्यंत जायचे. पडले एकदाच. भारा मात्र पडू दिला नाही.

दुपारी पंगती बसल्या. अंगण पुरेना म्हणून गोठ्यासमोरही बसले. बिरडं वाढताना टोपात किती उरलंय हे पाहायची मला भीती वाटत होती. पुरलं. भाताच्या शेवटच्या शितापर्यंत पुरलं, टोप खरवडून काढावा लागला, पण एकाही पानावरचा हात थांबला नाही.

त्यानंतर कितीतरी दिवस आईला एकच काळजी लागून राहिली. "यांच्यातल्या निम्म्यांना शेतच नाय. यांची सावड मी कुठं फेडू?" उत्तर शोधायला तिला फार वेळ लागला नाही. किसनमामाच्या घराचा स्लॅब टाकायचा होता त्या दिवशी आई आणि मी घमेली उचलायला गेलो. चंद्रीकाकीच्या नातीची हळद होती तेव्हा आमचं घरच तिच्या अंगणात राहायला गेलं. गावात आता सावड पुन्हा आहे, फक्त ती शेतापुरती राहिलेली नाही. मागच्या महिन्यात एका घरी बाळंतीण आली तर बायकांनी वार वाटून घेतले, डिंकाचे लाडू कोणी, धुणं कोणी. बोलावणं मात्र अजून उंबऱ्यावरूनच जातं. आमच्या घरातून हल्ली मी जाते. कारखान्यातून आले की तोंड धुऊन निघते. दारात उभी राहते, एकच वाक्य बोलते, आणि उत्तर न विचारता वळते. पहिल्यांदा गेले तेव्हा जीभ जड झाली होती. बदलापूरच्या शाळेत भाषण करताना, कॉलेजात तोंडी परीक्षेला, नोकरीच्या मुलाखतीलाही झाली नव्हती इतकी. पदवी मिळाली तेव्हा गावानं माझा सत्कार केला होता, शाल-श्रीफळ दिलं होतं. पण मी या गावची आहे हे मला त्या उंबऱ्यांवर समजलं.

सावडीच्या त्या दिवशी दुपार कलली तसा वारा फिरला. थंड, ओल्या मातीचा वास घेऊन आला. "उचला, उचला," अशी एकच हाक उठली. कापलेलं बांधलं जात होतं, बांधलेलं पळत होतं. बायकांच्या डोक्यांवर भारे, पोरांच्या डोक्यांवर भारे, शेवटी रिक्षांच्या मागच्या सीटवरही भारे. खळ्यावर चंद्रीकाकी आणि किसनमामा उडवी रचत होते, लोंब्या आत, बुंधे बाहेर, गोल गोल वर चढत जाणारी भाताची रास. दादा वर उभा राहून ताडपत्री ओढत होता. शेतात शेवटचा भारा राहिला तो आई आणि मी दोघींनी मिळून आणला. अंगणात पाय ठेवला आणि मागे डोंगर पांढरा झाला.

थेंब पडायला लागले तेव्हा सगळे पडवीत, ओट्यावर, गोठ्यात, मिळेल तिथं घुसले होते. चिखलानं भरलेले पाय, पेंढ्यानं भरलेली डोकी. सगळ्यांची नजर ताडपत्रीवर. पाऊस आधी टपटप, मग कौलांवर धो-धो कोसळू लागला. पाणी ताडपत्रीवरून घरंगळून बाजूला वाहत गेलं, उडवी जागच्या जागी कोरडी उभी राहिली.

आणि तेव्हा पडवीतून आवाज आला. कितीतरी आठवड्यांत आम्ही ऐकला नव्हता असा बाबांचा आवाज. खाटेवर कोपर टेकून ते अर्धे उठले होते. सळई घातलेला पाय तसाच ताठ. बाहेर आभाळाकडे बोट करून ते ओरडत होते,

"पड रं आता! पड किती पडायचंय ते!"

मग चंद्रीकाकी खो-खो हसायला लागली, तिच्यामागून किशोरभाई, आणि मग सगळी पडवी हसली. हसण्यानं कौलं हलतील असं वाटलं. आई चुलीपाशी चहाचं आधण ठेवत होती. ती वळली, डोळे पुसले, आणि त्या एवढ्या माणसांना पाहून म्हणाली,

"हात धुवा."